दूरध्वनीतील बिघाड आणि त्याचा पुरावा : बारामती औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात

दूरध्वनीच्या इतिहासात यंत्राच्या शोधाला आणि जाळ्याच्या विस्ताराला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे बिघाडाला दिले जात नाही. वस्तुतः बिघाड कोठे होतो, तो कोण दुरुस्त करतो आणि त्याची नोंद कोठे राहते, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच त्या त्या काळातील व्यवस्थेचे खरे स्वरूप उघड होते. बारामती औद्योगिक क्षेत्र या दृष्टीने विचारार्ह आहे. तीनचाकी वाहने, दुग्धपदार्थ, वस्त्रे असे निरनिराळे उद्योग तेथे एकत्र आले आहेत. आणि मोठ्या कारखान्याला जो जाळेतज्ज्ञ ठेवणे परवडते, तो लहान कारखानदाराला परवडत नाही.

मुंबईत दूरध्वनीकेंद्र १८८२ साली सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. या दोन घटनांत ऐंशी वर्षांचे अंतर असले, तरी मूळ रचना तीच होती : ग्राहकापासून केंद्रापर्यंत जाणारी तार. क्रमांक हा त्या तारेला दिलेला असे, म्हणून तो स्थळाशी जखडलेला होता. बारामतीचा ०२११२ आणि शेजारच्या इंदापूरचा ०२१११ हे संकेतांक एक प्रकारचा भूगोलच सांगत. बिघाड झाला की १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि लाइनमनची वाट पाहावी. ही वाट पुष्कळदा फार लांबत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जबाबदारी कोणाची याविषयी संदेह नव्हता. शिवाय यंत्राला लागणारी वीज केंद्रातील बॅटरीतून त्याच तारेने येत असल्यामुळे कारखान्यातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. इंटरनेटवरून बोलण्यास मात्र १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही मर्यादित, परवानगी मिळाली. संभाषण जुळविणारी सिप ही पद्धती १९९९ साली प्रमाणित झाली व २००२ साली सुधारण्यात आली. कार्यालयातील यंत्र आता स्वतःच एक लहानसा संगणक बनले. पत्ता, प्रवेशद्वार, नामसेवा, व्हीलॅन या सर्वांचे आकडे त्याला मिळाल्याखेरीज ते मुके राहते.

या यंत्राचा सर्वांत बोधप्रद विकार म्हणजे एकतर्फी आवाज. घंटी वाजते, संभाषण जुळते, पण एकाचेच बोलणे दुसऱ्यास ऐकू येते. त्याचे कारण ऐतिहासिक आहे. इंटरनेटचा मूळ पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते, आणि ते अपुरे पडणार हे लवकरच दिसू लागले. म्हणून १९९४ साली पत्तांतराची, म्हणजे नॅटची, पद्धत मांडली गेली आणि १९९६ साली खासगी पत्त्यांचे गट निश्चित झाले. कार्यालयाच्या आत खासगी पत्ता वापरावा आणि बाहेर जाताना राउटरने तो बदलावा, अशी ही तडजोड होती. परंतु राउटर बदलतो तो लिफाफ्यावरचा पत्ता. सिपच्या पत्रात आतील मजकुरातही ‘आवाज अमुक पत्त्यावर पाठवा’ असे लिहिलेले असते, आणि तो पत्ता खासगीच राहतो. पलीकडचे यंत्र प्रामाणिकपणे त्या पत्त्यावर आवाज धाडते व तो कोठेच पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून २००३ साली स्टन ही पद्धती आली. तिच्या साहाय्याने यंत्र आपला बाहेरचा पत्ता आधीच विचारून घेते. काही राउटर मजकुरात स्वतःच दुरुस्ती करतात. पोथीची नक्कल करताना पाठ ‘सुधारणारा’ लेखनिक संशोधकाला जितका तापदायक, तितकीच ही दुरुस्ती तंत्रज्ञाला. ती बंद करताच पुष्कळ यंत्रे बोलू लागतात.

दुसरा विकार याच कुळातला. यंत्रावरून बाहेर बोलता येते, पण काही वेळाने बाहेरून येणारी घंटी वाजत नाही. राउटरने राखलेली पत्तांतराची नोंद वापराअभावी पुसली गेलेली असते. यंत्राने ठरावीक काळाने सेवाकेंद्राशी संपर्क ठेवला म्हणजे ती टिकते. लहान कारखान्यात हा बिघाड लवकर उमगतही नाही, कारण न वाजलेल्या घंटीची तक्रार कोणी करीत नाही. मागणी नोंदविणारा ग्राहक निमूटपणे दुसरीकडे वळतो.

संशोधकाच्या दृष्टीने अडचण याहून खोल आहे. जुन्या केंद्रात तक्रारीची नोंद होत असे. नव्या यंत्रात सर्वांत प्रचलित उपचार म्हणजे ते मूळ स्थितीस नेणे. त्याने बिघाडाबरोबर बिघाडाचा पुरावाही नाहीसा होतो. यंत्राच्या अंतर्गत नोंदी अल्प स्मृतीत राहतात आणि वीज गेली की पुष्कळदा पुसल्या जातात. जतन करून ठेवलेली मांडणीची प्रत आणि सेवाकेंद्राकडील नोंदी एवढीच साधने उरतात. यंत्राच्या नोंदींचा कालनिर्णयही जपून करावा लागतो. अशा यंत्राचे घड्याळ वेळ जाळ्यातूनच घेते. जाळ्याची मांडणी चुकली असेल तर वेळही मिळत नाही, आणि बिघाडाच्या नेमक्या त्याच दिवसाच्या नोंदीवर काही यंत्रांत १ जानेवारी १९७० ही तारीख पडते.