बालगंधर्वांचा शालू नेमका कोणत्या रंगाचा? जुन्या कृष्णधवल फोटोंमागचं कारण

बालगंधर्वांचे स्त्रीवेशातले जुने फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. हल्ली ते ॲपने रंगवूनही टाकले जातात. लाल शालू, हिरवा चुडा, सगळं छान दिसतं. पण त्या रंगांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. 'मानापमान'मधली भामिनी (१९११), 'स्वयंवर'मधली रुक्मिणी (१९१६) आणि 'एकच प्याला'मधली सिंधू (१९१९) या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. त्यांची साडी नेसण्याची ढब घरंदाज बायका उचलत असत, म्हणून वेशभूषेबद्दलचं कुतूहल आजही आहे.

अडचण काचेच्या प्लेटची आहे. त्या काळी फोटो काचेवर रसायनाचा थर देऊन काढत. नेहमीच्या वापरातल्या प्लेटना निळा प्रकाश चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे कपाळावरचं लाल कुंकू काळं उमटायचं आणि निळं वस्त्र फिकट दिसायचं. लाल शालू आणि काळी चंद्रकळा फोटोत जवळपास सारख्याच! ॲपला मिळते ती फक्त करड्या रंगाची छटा. मूळ रंग ते अंदाजानेच भरतं. जरीची चमक मात्र खरी असते, कारण ती प्रकाश परतवते.

आणखी एक गोष्ट. यातले बरेच फोटो प्रयोग चालू असतानाचे नाहीत. रंगमंचावरचा उजेड अपुरा आणि प्लेट मंद, त्यामुळे नट वेश करून स्टुडिओत जात आणि रंगवलेल्या पडद्यासमोर न हलता बसत. म्हणूनच एवढ्या मोठ्या गायकाचे फोटो, पण गाताना उघडलेलं तोंड क्वचितच दिसतं. आवाजासाठी ध्वनिमुद्रिकांकडेच जावं लागतं.

राजगुरुनगरहून पुणे-नाशिक महामार्गाने पुण्यात येणाऱ्यांना रंगातले बालगंधर्व जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात पाहता येतात. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १९६८ साली ते खुलं झालं, तेव्हा ते हयात नव्हते. तिथली गोपाळ देऊसकरांची दोन तैलचित्रं प्रसिद्ध आहेत: एक पुरुषवेशातलं, दुसरं स्त्रीवेशातलं. अर्थात तिथले रंगही देऊसकरांनी निवडलेले.