मैदानावरचे आकाश कोणाचे?

१/१०
२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. याच कराड परिसरात पुढे कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी धावपट्टी बांधली गेली. खेळ पाहण्यासाठी जमलेल्या गर्दीवरून विमान जाऊ द्यावे का, आणि किती उंचीवरून, हा प्रश्न मात्र या दोन्ही घटनांहून जुना आहे.

२/१०
पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य झाले. लष्करी कारणासाठी किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी काही प्रदेशांवरून उड्डाणास बंदी घालण्याचा अधिकारही त्यात आला. आजच्या सर्व आकाशबंदीचे मूळ या तरतुदीत आहे.

३/१०
भारतात १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालील १९३७ चे विमान नियम आले. त्यांच्या परिशिष्टात उड्डाणास निषिद्ध क्षेत्रांची यादी असे. पुढे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र तिच्यात आले. पण मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी समाजाचे दखमेही त्या यादीत होते. म्हणजे आकाश रोखण्याचे कारण केवळ लष्करी नव्हते. लोकभावनेचा मानही राखला जात असे.

४/१०
१९४४ च्या शिकागो करारानंतर आंतरराष्ट्रीय हवाई नियम सर्वत्र सारखे होत गेले. त्यानुसार दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या जनसमुदायावरून जाताना विमानाने ६०० मीटर परिघातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान ३०० मीटर वर राहावे लागते. या नियमात ‘स्टेडियम’ हा शब्द नाही. त्याचा विचार माणसांच्या जमावाचा आहे.

५/१०
हा नियम का हवा, हे १९ डिसेंबर १९७६ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये दिसले. फुटबॉलचा सामना संपून काही मिनिटेच झाली होती, तोच एक छोटे विमान मेमोरियल स्टेडियमच्या वरच्या सज्जावर आदळले. यजमान संघ ४०–१४ असा हरत असल्याने बहुतेक प्रेक्षक आधीच निघून गेले होते. प्राणहानी टळली ती केवळ एकतर्फी सामन्यामुळे.

६/१०
तरीही अमेरिकेत स्टेडियमसाठी देशव्यापी बंदी आली ती ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. ३०,००० किंवा अधिक आसनांच्या स्टेडियमवर मोठे सामने असताना, सामन्याआधी एक तासापासून नंतर एक तासापर्यंत, ३ सागरी मैल (सुमारे ५.५ किमी) परिघात आणि ३,००० फुटांपर्यंत उड्डाण वर्ज्य ठरले. २००३ मध्ये तेथील संसदेने या बंदीला कायद्याचा आधार दिला.

७/१०
हा मापदंड सातारा-सांगलीला लावून पाहावा. पलूस तालुक्यातील कुंडलचे कुस्ती मैदान महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. तेथे प्रेक्षक डोंगराच्या उतारावर बसून कुस्त्या पाहतात. बैलगाडा शर्यतींचा प्रेक्षक तर शेताच्या बांधावर उभा असतो. आसनसंख्या मोजणाऱ्या नियमाला ही गर्दी दिसणारच नाही.

८/१०
भारतात आसनसंख्येवर आधारलेला असा कायम नियम नाही. येथे बंदी प्रसंगानुसार घातली जाते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळांपासून दूरच्या बहुतेक गावांवर ४०० फुटांपर्यंतचे आकाश हरित क्षेत्रात येते. तेथे उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र तातडीची गरज असल्यास पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी मर्यादित काळासाठी तात्पुरते लाल क्षेत्र घोषित करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही बंदीचा आदेश निघू शकतो. मुंबईत असे आदेश पोलीस आयुक्तालयातून निघतात. आयुक्तालय नसलेल्या सातारा-सांगलीत तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो.

९/१०
या अधिकाराचे महत्त्व साताऱ्याला अधिक कळावे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन ३०० च्या आसपास भाविक मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा आकाशाशी काही संबंध नव्हता. परंतु अरुंद वाटेवरची गर्दी एकदा बिथरली की काय होते, हे तिने दाखवले. गर्दीत कोसळलेला ड्रोन वजनाने लहान असेल. त्याने उठणारी पळापळ लहान राहीलच असे नाही.

१०/१०
दुसरी बाजूही खरी आहे. कुस्ती आणि शर्यतींचे चित्रीकरण करून पोट भरणारे तरुण याच जिल्ह्यांत आहेत. म्हणूनच तात्पुरते लाल क्षेत्र गरजेपेक्षा मोठे नसावे, अशी अपेक्षा ड्रोन नियमांतच व्यक्त झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. कायदा बदलला, तरी प्रसंगानुसार बंदी घालण्याची पद्धत कायम आहे. मोठ्या शहरातील सामन्याआधी पोलीस स्वतःहून आकाशाचा विचार करतात. गावच्या मैदानासाठी तो विचार व्हायचा, तर यात्रा कमिटीने पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात मंडप, ध्वनिक्षेपक आणि वाहनतळ यांच्या जोडीला आकाशाचीही एक ओळ असावी लागेल.