गुरसराय: रविवारची पस्तीस अक्षरे

काल गाडी गुरसरायला थांबली. झाशी जिल्ह्यातली ही जुनी मराठी जहागीर. सोबतचा शीख हवालदार नांदेडचा. मराठी आपल्यासारखीच बोलतो. गुरुमुखीची 35 अक्षरे तो लहानपणी दर रविवारी गुरुद्वाऱ्यात शिकला. शिकवणारे दुकानदार, ड्रायव्हर. पगार नाही, सेवा. गुरू गोविंदसिंगजी 1708 साली नांदेडला ज्योतीज्योत समावले. पंजाबपासून इतक्या दूर लिपी टिकवायची तर हाच मार्ग. 1604 च्या आदिग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. तो ती गुरुमुखीत वाचतो. माझी लेक मात्र बदल्यांच्या शाळांत हिंदीवर वाढली. आजीचे मराठी पत्र अडखळत वाचते. येत्या रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर सतरंजी टाकतोय. मराठी मुले दोनच. हवालदार म्हणाला, "पुरेत की, साहेब. आम्हीही तिघंच होतो."