ख्रिस्तपुराण आणि प्रेमाची कसोटी

मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या देवळात पुराणश्रवण केलेल्या वाचकांस ‘पुराण’ म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. तथापि गोव्याच्याच भूमीत, ओवीबद्ध मराठीत रचलेले एक पुराण असे आहे की, त्याचे वाचन आपल्या सभामंडपांत कधी झाले नाही. ते म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली साष्टीतील राशोल येथे ते रोमन लिपीत प्रथम छापले गेले. देव मनुष्यावर प्रेम करतो आणि त्या प्रेमास मनुष्याने आपल्या नित्याच्या आचरणाने उत्तर द्यावे, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा. तो येथील लोकांस त्यांच्याच वाणीत सांगावा, हा ह्या ग्रंथाचा हेतू होय.

स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशायर परगण्याचे. त्यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्या काळी इंग्लंडात राजसत्तेचा पंथ प्रॉटेस्टंट होता आणि कॅथॉलिक पंथीयांचा छळ होत असे. स्टीफन्स यांचे मित्र टॉमस पाऊंड यांनी तर आपल्या श्रद्धेपायी वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगला. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले, १५७५ साली जेझुइट संघात शिरले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. पुढे सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्यांचे वास्तव्य बहुतांशी साष्टीतच झाले.

धर्माच्या पायी मायभूमीस पारखा झालेला हा पुरुष ज्या साष्टीत आला, ती साष्टी कोणत्या अवस्थेत होती? १५६७ साली राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रीगिश याने तेथील देवळे जाळून पाडली होती. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. नदीपलीकडचा अंत्रुज महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, म्हणून देव वाचले. आमच्या पूर्वजांनी मागे काय टाकले, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. १५६० साली गोव्यात आलेले इन्क्विझिशनचे न्यायालय पुढे जवळजवळ अडीच शतके लोकांच्या मानेवर बसून होते. ते कायमचे उठले १८१२ मध्ये.

स्टीफन्स यांना गोव्यात येऊन चार वर्षे होतात न होतात तोच १५८३ मध्ये कुंकळ्ळीचे प्रकरण घडले. आपली देवळे उद्ध्वस्त झालेली पाहून संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री ठार केले. ते मृतदेह मिळवून त्यांवर अंत्यसंस्कार करण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्यास आले. त्यानंतर बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळीच्या सोळा गावकरांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले व त्यांपैकी पंधरांची हत्या करण्यात आली. सोळावा नदीत उडी घेऊन निसटला. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व त्याचे तीन इंग्रज सोबती कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. ज्या देशात आपल्या पंथाचा छळ होतो त्या देशाची ही माणसे. तरीही त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी रदबदली केली.

अशा ह्या माणसाने आपले उरलेले आयुष्य शेजाऱ्यांची भाषा शिकण्यात घालविले. त्यांनी कोकणीत रचलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ साली, आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, राशोल येथे छापली गेली. पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली, कारण गोव्यात घरात कोकणी आणि देवापुढे मराठी अशी वहिवाट होती. मराठीची थोरवी त्यांनी मनापासून गायिली आहे. शुद्ध मराठी सर्वांस कळणार नाही म्हणून येथील बोलीचे सोपे शब्द तीत मिसळल्याचेही ते सांगतात. ग्रंथाचे ‘पैलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ असे दोन भाग असून ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. त्यात स्वर्गास वैकुंठ म्हटले आहे.

ह्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांसारखे दुसरे काही आम्हांस का देत नाही? ही ओवीबद्ध विचारणा वाचताना आम्हांस नेहमी असे वाटते की, साष्टीची सारी व्यथा त्या एका प्रश्नात साठली आहे. बाटलेल्या माणसाची भूक पुराणाची होती. ती भूक ओळखणे, ही स्टीफन्स यांची थोरवी. ती भूक ज्या बंदीने निर्माण केली, त्या बंदीविषयी त्यांची लेखणी निषेध करीत नाही, ही त्यांची मर्यादा. ह्या दोहोंपैकी एकच बाजू सांगणे हा इतिहास नव्हे.

सत्तेची वाट पुढेही निराळीच राहिली. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने कोकणीच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. पण ग्रंथ जगला तो सत्तेच्या बळावर नव्हे. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यास देवनागरीत आणला. परमुलखात गेलेल्या त्या घरांनी ज्या निष्ठेने ही ओवी सांभाळली, तिच्यात आणि आमच्या पूर्वजांनी रात्री देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडली त्या निष्ठेत, आम्हांस तरी भेद दिसत नाही.

ख्रिस्ताने आपल्या अनुयायांस शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रेम करावयास सांगितले. ह्या आज्ञेच्या कसोटीस असोळण्याचा किल्ला उतरत नाही. कैद्यांची रदबदली व चाळीस वर्षांची भाषासाधना उतरते. परंतु कसोटी दुसऱ्यासच लावून भागत नाही. सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्या आपल्या संतांचे अभंग ज्या सभामंडपांत गायिले जात, त्यांच्या पायऱ्यांशी आपल्याच धर्माची माणसे किती काळ उभी राहिली, याचे उत्तर आपणही द्यावयाचे आहे.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आजही शिगम्याच्या सुमारास देवीचा छत्रोत्सव कुंकळ्ळीस येतो. बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्या वांगडांतील हिंदू व ख्रिस्ती दोघेही त्यात सामील होतात. ज्या गावात इतके रक्त सांडले, तेथील लोकांनी एकमेकांचे नाते तोडले नाही. कोणत्याही पुराणाचे तात्पर्य सांगण्याची वेळ आली, तर त्या मिरवणुकीकडे बोट दाखवावे, असे आम्हांस वाटते.