आयपी फोन, कार्यालयीन : सेटिंगची साठवण
नेटवर्कवर चालणाऱ्या कार्यालयीन दूरध्वनी संचाने विस्तार क्रमांक, सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड इ. सेटिंग मिळवून जतन करण्याची पद्धती.

उगम : सेटिंगची फाइल आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टीएफटीपी या फाइल-वहन नियमावलीची सुधारित आवृत्ती १९९२ मध्ये व कॉल जोडणाऱ्या एसआयपी संकेतप्रणालीचे पहिले मानक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले (पहा : इंटरनेट).

वैशिष्ट्ये : सुरू होताच संच डीएचसीपी सर्व्हरकडून स्वतःचा आयपी पत्ता घेतो, त्या सर्व्हरच्या उत्तरातील पर्याय क्र. ६६ मधून त्याला फाइल-सर्व्हर कळतो. बहुतेक संच आपल्या १२ चिन्हांच्या मॅक क्रमांकाच्या (नेटवर्कवरील यंत्र-ओळख क्रमांकाच्या) नावाची फाइल उतरवून फ्लॅश स्मृतीत ठेवतात (पहा : संगणक स्मृती).

महत्त्व : वीज खंडित झाली तरी फ्लॅश स्मृतीतील सेटिंग टिकते. नेटवर्क जोडणी असल्यास जव्हार, मोखाडा येथील शाखा-कार्यालयांतील संचांची सेटिंग पालघरसारख्या मुख्य ठिकाणाहून बदलता येते (पहा : पालघर जिल्हा).