त्याची पाचवी बाई न्यूयॉर्कला पोचली

मागच्या खेपेला आम्ही तुरीच्या डाळीच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो. आज नाटकाबद्दल बोलायचं आहे. बचत गटाच्या बायांना नाटकाशी काय करायचं, असं कोणी म्हणेल. पण विषय आमच्या गटाच्या बैठकीतच निघाला, तोही कर्जाचे हप्ते वसूल करताना.

आमच्या गटात एक काकू आहेत. एका माणसाच्या घरात त्या अठरा वर्षं राहिल्या. लग्न नव्हतं. पहिल्या नवऱ्यानं मूलबाळ नाही म्हणून हाकललं होतं, माहेरी भावजयीनं दोन महिने ठेवून घेतलं आणि मग या माणसानं आसरा दिला. त्याचं शेत त्यांनी निंदलं, त्याच्या आईचं आजारपण काढलं. माणूस वारला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या नातेवाइकांनी यांचं गाठोडं ओसरीवर आणून ठेवलं. पुढे एका अर्जात ‘विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता’ यांतल्या एकावर खूण करायची होती, तेव्हा काकूंनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, “यातली मी कोनती वं? मले टाकलं त्याले तीस वर्सं झाली. अन् जो मेला तो तं माया नवराच नोयता.”

तेव्हा आम्हाला सखाराम बाइंडर आठवला. बी.ए.ला आम्ही विजय तेंडुलकर वाचले होते, परीक्षेपुरते म्हणा. त्या दिवशी घरी येऊन पेटीतलं पुस्तक शोधून पुन्हा वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सखाराम छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करतो. लग्नावर त्याचा विश्वास नाही. नवऱ्यानं टाकलेली, कुठं जायला जागा नसलेली बाई तो घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी नियम सांगतो. घर नीट ठेवायचं, तो सांगेल ते ऐकायचं, बायको असते तशी सगळी कामं करायची. बदल्यात दोन वेळचं जेवण आणि अंगावर कपडा. पटलं नाही तर जायचं. जाताना लुगडं, थोडे पैसे आणि जिथं जायचं तिथलं तिकीट तो देणार. आम्ही गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाली, “तिकीट देते म्हन्ते, म्हंजे बराच म्हना की!” सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात काय होतं ते बैठकीला बसलेल्या सगळ्यांना कळलं.

नाटकात आपल्याला दिसते ती लक्ष्मी, सखारामच्या घरातली सातवी बाई. देवभोळी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी, मार खाऊनही टिकून राहणारी. तिच्यानंतर येते चंपा, फौजदाराची बायको, स्वतः नवऱ्याला सोडून आलेली, तोंडाची फटकळ. लक्ष्मी परत येते, एका घरात दोघी राहतात, आणि शेवटी सखाराम चंपाचा जीव घेतो. त्या वेळी लक्ष्मी त्याच्याच बाजूनं उभी असते. हा शेवट आम्हाला आजही जड जातो. एक टाकलेली बाई दुसऱ्या टाकलेल्या बाईला मातीआड करायला मदत करते. का करते? तिला पुन्हा रस्त्यावर जायचं नसतं, इतकंच.

हे नाटक १९७२ साली रंगमंचावर आलं. कमलाकर सारंग दिग्दर्शक, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. निळूभाऊंना आपण सिनेमातले पाटील म्हणून ओळखतो. त्यांचा सखाराम ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल बोलतात. थोड्याच प्रयोगांनंतर सेन्सॉरनं आक्षेप घेतला. नाटक अश्लील आहे, लग्नसंस्थेवर घाला आहे, अशी ओरड झाली. चंपा रंगमंचावर साडी बदलते यावरही गदारोळ झाला. सारंग हायकोर्टात गेले, लढले आणि नाटक पुन्हा उभं केलं. त्या झगड्याची हकिगत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आम्हाला एक गोष्ट इथं खटकते. साडी बदलण्यावर इतकं बोललं गेलं, पण चंपाच्या अंगावरच्या मारावर त्याच्या निम्मंही बोललं गेलं नसावं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. लक्ष्मी सातवी, चंपा आठवी. मग आधीच्या सहा जणी कोण होत्या? नाटकात त्यांचा उल्लेख ओझरता येतो. वाचणारा पुढे जातो, पाहणारा पुढे जातो. लिहिणारा मात्र गेला नाही. बत्तीस वर्षांनी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तेंडुलकर त्यांतल्या एकीकडे परत आले. त्यांनी एक छोटं नाटक लिहिलं आणि तेही इंग्रजीत, आयुष्यात पहिल्यांदाच. नाव ठेवलं ‘हिज फिफ्थ वुमन’, म्हणजे त्याची पाचवी बाई. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला इंडो-अमेरिकन आर्ट्स कौन्सिल या संस्थेनं तेंडुलकरांच्या नावानं महिनाभराचा महोत्सव भरवला. त्या महोत्सवात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच महिन्यात तिथली ‘प्ले कंपनी’ ही नाटकमंडळी मूळ ‘सखाराम बाइंडर’ इंग्रजीत करत होती, चंपाच्या कामात सरिता चौधरी होत्या. म्हणजे एकाच शहरात, एकाच महिन्यात, पाचवी, सातवी आणि आठवी अशा तिघीही उभ्या राहिल्या. मराठी मुलखात ज्यांना आधी कोर्टाची पायरी चढावी लागली, त्या तिकडं तिकीट काढून बघितल्या गेल्या.

इंग्रजी ‘सखाराम’ही आकाशातून पडलेला नाही. त्याचं भाषांतर कुमुद मेहता आणि शांता गोखले या दोघींनी केलं आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ इंग्रजीत नेलं प्रिया आदरकरांनी. मराठी नाटक परदेशात गेलं म्हटलं की लेखकाचं नाव घेतलं जातं, नटाचं घेतलं जातं. ज्या बायांनी शब्द न् शब्द पलीकडच्या काठावर नेला त्यांची नावं आतल्या पानावर, बारीक अक्षरात. आमच्या पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव जसं मागच्या बाजूला येतं, तसं.

तेंडुलकरांची नाटकं सहजासहजी समुद्रापार गेली असं मात्र समजू नका. ‘घाशीराम कोतवाल’ची गोष्ट ऐका. १९७२च्याच डिसेंबरात ते पुण्यात आलं, जब्बार पटेलांनी बसवलं होतं. नाना फडणवीसांची बदनामी होते म्हणून विरोध झाला. एकोणीस प्रयोगांनंतर ते बंद पडलं, मग त्याच पोरांनी थिएटर अकादमी काढून १९७४ मध्ये पुन्हा सुरू केलं. १९८० साली युरोपच्या दौऱ्याचं आमंत्रण आलं, बर्लिनच्या महोत्सवापासून. पुन्हा विरोध, पुन्हा कोर्ट. परवानगी मिळाली ती एका अटीवर. तिकडं दर प्रयोगाआधी निवेदन करायचं, की नाना फडणवीस थोर मुत्सद्दी होते आणि हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे. मंडळींनी ते केलं आणि युरोपभर नाटक गाजवून आली. आम्हाला या निवेदनाचं फार नवल वाटतं. नानांच्या इभ्रतीसाठी कोर्टापर्यंत माणसं गेली. सखारामच्या घरातल्या बायांसाठी असं निवेदन करा असं कोणी म्हटलं नाही.

आपल्या वऱ्हाडाला नाटक नवं नाही. अमरावतीचे वीर वामनराव जोशी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते आणि ‘रणदुंदुभी’सारखं नाटकही त्यांनीच लिहिलं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं पारवा हे महेश एलकुंचवारांचं गाव. त्यांच्या ‘होळी’ या एकांकिकेवर केतन मेहतांनी सिनेमा काढला. आणि आपलं कौंडण्यपूर तर साक्षात नायिकेचं गाव. रुक्मिणीनं वर्धेच्या काठच्या या गावातून कृष्णाला निरोप धाडला, की भावानं शिशुपालाशी ठरवलंय, मला ते नको, अंबिकेच्या देवळात येईन तेव्हा घेऊन जा. नाथांनी त्यावर ‘रुक्मिणी स्वयंवर’ रचलं, शके १४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७१. लग्न ठरावं म्हणून पोरींना आजही त्याचं पारायण करायला सांगतात. घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडून स्वतः नवरा निवडणाऱ्या पोरीची पोथी, आणि ती वाचायची घरच्यांनी ठरवलेलं लग्न जमावं म्हणून. असो. आषाढीला आपल्या गावची पालखी पंढरपूरला जाते, १५९४ पासूनची परंपरा सांगतात, आणि माहेरची म्हणून तिचा तिथं मान असतो. रुक्मिणीला माहेर होतं आणि आजही आहे. सखारामच्या घरात आलेल्या एकीलाही नव्हतं.

काकूंचा प्रश्न पुढे काय झाला ते सांगायला हवं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. या कायद्यात पहिल्यांदा ‘लग्नासारखं नातं’ असे शब्द आले. लग्न नसलं तरी एका घरात नवराबायकोसारखं राहिलेल्या बाईला मारहाणीपासून संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. हे वाचून आम्ही आनंदानं काकूंकडे पळत गेलो. मग एका वकीलताईंनी पुढचं सांगितलं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं या शब्दांचा अर्थ लावला तेव्हा काही अटी घातल्या. दोघं समाजात नवराबायको म्हणून वावरलेले हवेत, बराच काळ एकत्र राहिलेले हवेत, आणि दोघंही कायद्यानं लग्न करायला मोकळे हवेत. काकूंचा पहिला नवरा तिकडं जिवंत आहे, त्यानं दुसरं घर केलंय, पण घटस्फोट कधी झाला नाही. म्हणजे काकू ‘मोकळ्या’ नाहीत. लक्ष्मीही नव्हती, चंपाही नव्हती, दोघींचे नवरे जिवंत. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलं पण कागदावर सोडलं नाही, ती या दारातूनही आत जाऊ शकत नाही. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये जी बाई लिहिली ती अजून तशीच उभी आहे.

एक दार मात्र उघडं सापडलं. बाईला मिळकत असो वा नसो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागता येतो. काकूंनी पहिल्या नवऱ्याविरुद्ध परित्यक्ता म्हणून कागद करायला घेतलेत. अठरा वर्षांच्या शेताचं काय होईल ते आज सांगता येत नाही. अर्जात त्यांनी शेवटी ‘परित्यक्ता’वर खूण केली, पण म्हणाल्या, “तीस वर्सांआधीचं दुखनं लिवून रायलो, अन् आत्ताचं लिवाले जागाच नाई.”

टाकलेल्या बायांचा प्रश्न फक्त नाटकवाल्यांनीच मांडला असं नाही. संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी १९८०च्या दशकात परित्यक्तांना एकत्र आणलं, परिषदा घेतल्या, यात्रा काढली. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत आपल्या विदर्भातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. पण तीही बायकोच्या. आमच्या काकूंसारखीच्या नावावर कोण करणार?

तेंडुलकर १९ मे २००८ला पुण्यात गेले. त्यांच्यावर आम्ही रागावतोही. बाईला इतकं मारलेलं दाखवायची गरज होती का, हा वाद आमच्या बैठकीत दोनदा झाला आणि मिटला नाही. एकजण म्हणाली, मार दाखवून पुरुषांनाच मजा येत असेल. दुसरी म्हणाली, मग काय झाकून ठेवायचं? आम्ही दोघींची नावं वहीत लिहिली नाहीत, मतं लिहिली.

आणि काकूंनी विचारलं, “त्या पाचवीचं नाव काय व्हतं वं?” आम्ही म्हटलं, काकू, नाटकाच्या नावातच आकडा आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला मात्र त्यांनीच विषय काढला, की कार्तिकीच्या यात्रेत आपणही एक छोटं नाटक करू. तेंडुलकरांचं नव्हे, आपलंच, वीस मिनिटांचं, एका घरातल्या सहा बायांचं, आणि सहाही जणींना नावं द्यायची. नावं ठरली, लुगडी ठरली, ढोलकीवाला ठरला. अडलं एकाच जागी. सखारामसारख्या माणसाचं काम कोण करणार? गावातल्या पुरुषाला घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं, आणि बायांतली एकही तयार होईना.

काकूंनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “मी करतो ते काम. त्या मानसाले म्या लय जवळून पायलं हाय.”

तालीम दर गुरुवारी, हप्ते गोळा झाल्यावर, समाजमंदिरात. यायचं असेल त्यांनी यावं.