कौलावरील मुद्रा व इमारतीचा काळ
दुधनीच्या परिसरात जुन्या घरांची रीत माळवदाची. मंगळुरी कौले तेथे परकी. ती बाहेरूनच आणलेली असणार. कोठून, हे कौलच सांगते, कारण त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. स्कॉटलंडमध्ये ग्लेनबॉइगसारख्या गावांच्या विटा अशाच नावांवरून ओळखतात व संग्रहित करतात. आपल्याकडील त्याला जवळचे साधन म्हणजे हे कौल होय.

मात्र ते फसवेही आहे. बासेल मिशनच्या कौलांवर '१८६५' हा आकडा आढळतो आणि पाहणारा तोच इमारतीचा काळ समजतो. वस्तुतः ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष. शिवराई नाण्यांचे असेच आहे: शिवछत्रपतींचे नाव असलेली ही तांब्याची नाणी पेशवाईतही पाडली जात. लेख गोठतो, वस्तू घडतच राहते. शिवाय दुधनीवरून जाणारा लोहमार्ग रायचूरपर्यंत पूर्ण झाला तो १८७१ साली. असा जड माल दुरून आणणे त्यानंतरच सोयीचे झाले.

आकड्यापेक्षा नावावर भिस्त ठेवणे बरे. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले व पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. ट्रस्टचे नाव असलेले कौल त्याआधीचे असणे शक्य नाही. मिशनचे कौल मात्र बऱ्याच नंतरच्या घरावरही सापडू शकते, कारण पडक्या घराची कौले उतरवून दुसरीकडे चढवतात. म्हणून संग्राहकाने कौल उचलण्यापूर्वी ते कोणत्या छपराचे आणि शेजारच्या कौलांवर कोणते नाव आहे, हे लिहून ठेवावे.